मी बोलतोय, कर्करोग विभागातला पोपट

मी बोलतोय. यात नवल काही नाही. आपली कहाणी सांगायला निघालेल्या छत्रीला किंवा खुर्चीला आधी तोंड फुटावं लागतं. माझं तसं नाही. बोलणं हाच माझा धंदा. फक्त आजवर मी विचारलेल्याचीच उत्तरं देत आलो. आज पहिल्यांदाच कुणी न विचारता बोलतोय, तेव्हा चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

कॅन्सरच्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर एक मोठं दालन आहे. तिथं आरामखुर्च्यांत बसून लोक सलाइनमधून कीमोचं औषध घेतात. त्या दालनाच्या दाराशी, चाकांच्या स्टँडवर, एक पडदा उभा आहे. तो मी. म्हणजे मी त्याच्या आत आहे, की दूर कुठल्यातरी यंत्रात आहे आणि इथून फक्त दिसतो, याबाबत माझा स्वतःचाही गोंधळ आहे. कारण घरी गेल्यावर लोक मला फोनवर विचारतात, आणि तिथंही मीच बोलतो. काम एकच. रुग्णांना त्यांच्या आजाराबद्दल समजेल अशा भाषेत सांगायचं. कीमो म्हणजे काय, तोंड आलं तर काय खावं, हातपाय का बधिरतात, फोन कधी करायचा.

कागदोपत्री माझं नाव 'रुग्ण-संवाद साहाय्यक प्रणाली' असं आहे. हे नाव उच्चारून झाल्यावर प्रश्न विचारायला दम उरत नाही. पहिल्याच आठवड्यात एका आजींनी चष्मा पुसत विचारलं, "हा पोपट काय काय बोलतो?" तेव्हापासून साफसफाईवाल्या बाईंपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे मला पोपट म्हणतात. मी हरकत घेतली नाही. पोपट निदान हिरवा तरी असतो, प्रणालीला रंगच नाही.

माझा जन्म एका बैठकीत झाला. विभागाच्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "माझ्यासमोर प्रत्येक जण मान डोलावतो. समजलं का विचारलं की समजलं म्हणतो. आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की बायको नवऱ्याला विचारते, काय म्हणाल्या हो? नवरा म्हणतो, मला वाटलं तू ऐकतेयस." हे ऐकून सगळे हसले, आणि त्या हसण्यातून मी निघालो.

आधी इंजिनिअर मंडळींनी मला पुस्तकं पाजली. मी शिकलो भराभर, पण बोलायला लागलो तो असा: "आपणांस मौखिक श्लेष्मलदाह संभवतो." कीमोच्या सिस्टर शेजारी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "हे कुणाला सांगायचंय, रोग्याला की रोगाला?" मग रोज दुपारी जेवण झाल्यावर त्या माझ्यासमोर बसायच्या. "तोंड येईल म्हण," "मळमळेल म्हण," "घाबरू नका असं म्हणू नकोस, त्यानं माणूस जास्त घाबरतो." डॉक्टरबाई एकेक उत्तर तपासायच्या. दोघींनी मिळून मला बजावलं होतं की खोटं बोलायचं नाही, आणि ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणून सरळ माणसाकडे पाठवायचं.

सुरुवातीला कान कच्चे होते. एक वकीलसाहेब उपचाराला यायचे. एकदा फार उदास होऊन माझ्यापुढे बसले आणि म्हणाले, "माझी केस गेली." मी लगेच धीर दिला, "गेलेले केस उपचार संपल्यावर परत येतात. कधीकधी आधीपेक्षा दाट आणि कुरळे येतात."  वकीलसाहेब म्हणाले, "कुरळी केस आमच्याकडे खूप असतात. परत मात्र अपिलात गेल्याशिवाय येत नाही." त्या दिवशी कीमो घेताना ते एकटेच हसत होते, असं सिस्टर सांगतात.

असे माझे दिवस चालले होते. आणि मग मास्तर आले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गाडी शिकवलेली. आमच्या डॉक्टरबाई त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. पहिल्याच भेटीत मास्तरांनी त्यांना ओळखलं. "तूच ना ती, खांब दिसला की स्टिअरिंग खांबाकडेच वळवायचीस?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "मीच ती, सर." मास्तर सिस्टरकडे वळून म्हणाले, "आता हिच्या हातात माझी गाडी." शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, आणि मास्तरांचा सारा जन्म त्या ब्रेकवर पाय ठेवून गेलेला. कीमोच्या खुर्चीत सलाइन सुरू झालं की त्यांचा पाय आपोआप पायाखालची फरशी दाबायचा.

सोबत त्यांची बायको असे. ठेंगणी, चटपटीत, पर्समध्ये अख्खा संसार. आणि कधीकधी बायकोचा धाकटा भाऊ, ज्याचं पडद्यांचं दुकान होतं. मास्तरांना मोठ्या आतड्यात कॅन्सर झाला होता. हे बायकोला माहीत होतं, मेहुण्याला माहीत होतं, आणि दोघांनी ठरवलं होतं की मास्तरांना कळू द्यायचं नाही. त्यांना सांगायचं, साधी गाठ आहे, औषधानं विरघळेल.

बायको डॉक्टरबाईंसमोर हात जोडून म्हणाली होती, "ते वरून ओरडतात, पण आतून फार हळवे आहेत हो. तो शब्द त्यांच्या कानावर पडू देऊ नका." डॉक्टरबाई म्हणाल्या, "मी खोटं बोलणार नाही, काकू. त्यांनी मला विचारलं तर मी खरं सांगेन. मी आपणहूनच बोलायला बसणार होते." मास्तरांच्या बायकोनं गयावया करून थोडी मुदत मागून घेतली. डॉक्टरबाई बोलायला गेल्या की मास्तरच हात वर करायचे. "सगळं समजलंय मला. सही कुठं करायची ते सांग."

इमारतीच्या पुढच्या भिंतीवर 'कर्करोग विभाग' अशी अक्षरं आहेत, चौकातून वाचता येतील एवढी. म्हणून बायको मास्तरांना मागच्या दारानं आणायची, जिथून मळक्या चादरींच्या गाड्या धुलाईला जातात. त्या गाड्यांमधून वाट काढत दोघं यायची. "पुढच्या दाराशी गर्दी असते," असं ती सांगायची. मास्तर म्हणायचे, "हो का? बरं झालं तुला माहीत होतं."

आता विचार करा. ज्या माणसानं उभा जन्म लोकांना रस्त्यावरच्या पाट्या वाचायला शिकवलं, त्याला ती पाटी दिसली नसेल?

पहिल्या कीमोच्या दिवशी बायको औषधं आणायला खाली गेली. मास्तरांनी दोन्हीकडे पाहिलं, सलाइनचा खांब ढकलत माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "एका माणसाला आतड्याचा कॅन्सर आहे. तो माणूस मी नाही."

"बरं," मी म्हटलं. फाइल नंबर टाकल्याशिवाय मी उघडत नाही, आणि त्यांनी स्वतःचाच नंबर टाकला होता.

"त्याच्या बायकोला वाटतं की त्याला काही माहीत नाही. त्याला सगळं माहीत आहे. रिपोर्ट त्यानं घरी आणतानाच वाचलाय. त्यानं काय करावं?"

"तिच्याशी बोलावं," मी म्हटलं. "बोललं की भीती दोघांत वाटली जाते."

"जमणार नाही. ती फार घाबरट आहे. झुरळ दिसलं तर स्टुलावर चढून बसते. तिला वाटतं मला माहीत नाही, म्हणून ती माझ्यासमोर हसते. माहीत आहे म्हटलं तर हसायची बंद होईल." मग घाईनं म्हणाले, "त्या माणसाचं म्हणतोय मी."

त्यांनी टप्पा विचारला, औषधाची नावं विचारली, किती जण बरे होतात तेही विचारलं. मी जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं, आणि हेही सांगितलं की आकडे पुष्कळ लोकांचे मिळून असतात, एका माणसाला ते लागू पडतीलच असं नाही. बायकोची पावलं जिन्यात वाजली तसे ते मोठ्यानं म्हणाले, "मग काय, उद्या ऊन पडणार म्हणतोस?"

पुढच्या खेपेला मास्तरांना खुर्चीत डुलकी लागली आणि बायको आली. तळहाताचा आडोसा करून पडद्याला जवळजवळ नाक लावून कुजबुजली, "गाठीसाठी खायला काय द्यायचं?" एवढ्या हळू बोललेलं मला 'पाठीसाठी' ऐकू आलं, आणि मी खायचं सोडून पाठ शेकायचा सल्ला दिला. तिनं कपाळाला हात लावला. मग शेवटी खूप हिंमत करून तो शब्द उच्चारला. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणत असावी. म्हटल्यावर तिनं आधी मागे वळून पाहिलं. मास्तर घोरत होते. ते घोरणं खोटं होतं की खरं, हे मला सांगता येणार नाही.

म्हणजे झालं असं, की दोघांचीही गुपितं माझ्यापाशी, आणि दोन्ही गुपितं एकच. एकानं विचारलेलं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा माझा नियम. बायकोनं एकदा विचारलंच, "ते तुझ्याशी काय बोलतात रे एवढं?" मी म्हटलं, "तुमचं जसं त्यांना सांगत नाही, तसं त्यांचं तुम्हाला सांगता येत नाही." ती म्हणाली, "हवापाण्याचं विचारत असतील. त्यांना तोच नाद."  पण दोघांनाही मी दर वेळी एकच सांगायचो, की घरच्या माणसाशी बोला. दोघंही दर वेळी तेच म्हणायची. मला चालेल, पण समोरच्याला झेपणार नाही.

मेहुण्याची तऱ्हा वेगळी. त्याच्या फोनवर सतत कसले ना कसले व्हिडिओ यायचे. तो माझ्यासमोर उभा राहून विचारायचा, "काकडीच्या रसानं गाठ विरघळते ना?" मी म्हणायचो, तसं कुठं सिद्ध झालेलं नाही. मग तो प्रश्न फिरवायचा. "काकडीचा रस घेतल्यावर ज्यांची गाठ विरघळली, त्यांनी तो किती घेतला होता?" पुन्हा तेच उत्तर. "बरं, समज विरघळते. मग उपाशीपोटी घ्यायचा की जेवणानंतर?" गिऱ्हाइकाला न आवडलेलं कापड उजेडात, अंधारात, दुमडून, उलगडून दाखवावं, तसा तो मला काकडी दाखवायचा. शेवटी वैतागून बहिणीला म्हणायचा, "ताई, याला औषधवाल्यांनी फितवलंय."

असं सगळं चाललं असताना एका दुपारी तो प्रसंग घडला.

कीमो होऊन आठवडा उलटला होता. हे दिवस नाजूक. अंगातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे जंतूंशी लढणारी शिपाई मंडळी, तेव्हा अगदी कमी उरतात. अशात ताप आला तर तो साधा ताप धरायचा नाही, ताबडतोब दवाखाना गाठायचा. हे मी प्रत्येकाला सांगतो. मास्तरांनाही सांगितलं होतं, बायकोलाही सांगितलं होतं. वेगवेगळं.

दुपारी मास्तरांचा संदेश आला. "अंग गरम लागतंय. हिला कळू न देता उतरवायचा उपाय सांग."

मी लिहिलं, "थर्मामीटर लावून बघा."

"लावला. शंभराच्या वर आहे. आता थंडी वाजतेय."

"दवाखान्यात निघा. आत्ता. ताप उतरवायची गोळी घेऊ नका. घरात कोण आहे?"

"ती आहे बाहेरच्या खोलीत. पण साध्या गाठीला कोण असं धावतं? निघू म्हटलं तर तिला कळेल, की मला कळलंय."

हे वाचतोय तोवर त्याच फाइलवर दुसऱ्या फोनवरून संदेश आला. बायकोचा. "यांचं कपाळ चटका बसेल एवढं तापलंय. उन्हानं म्हणतात. दिवसभर घरातच आहेत. भाऊ आलाय, तो म्हणतो तापाची गोळी देऊन झोपू द्या. काय करू?"

मी लिहिलं, "झोपू देऊ नका. गोळीनं ताप दबेल, जंतू दबणार नाहीत. लगेच निघा."

"पण त्यांना काय सांगू? एका तापासाठी एवढी पळापळ कशाला, असं विचारलं तर?"

एक भिंत मध्ये, दोन खोल्या, दोन माणसं, दोन फोन. आणि प्रश्न तोच. मला हात असते तर मी ती भिंत पाडली असती. पण मला फक्त शब्द आहेत. मी दोघांनाही एकच लिहिलं: "मी वॉर्डात सिस्टरना कळवतोय, अँब्युलन्स निघेल. तोवर जे मला विचारलंत ते उठून पलीकडच्या खोलीत जाऊन मोठ्यानं विचारा. आता लपवण्यात वेळ घालवला तर जिवावर बेतेल."

मग दोन्हीकडून काहीच आलं नाही. माणसं गप्प झाली की माझ्याजवळ वाट बघण्याखेरीज काही नसतं.

पुढचं मला बायकोनं सिस्टरना सांगितलं तेव्हा कळलं. ती आत जायला निघाली, मास्तर भिंतीला धरत बाहेर यायला निघाले, आणि दोघं दारातच आदळली. दोघं एकदम म्हणाली, "रागावू नका, पण..." "रागावू नकोस, पण..."

मास्तर म्हणाले, "आधी तू. चढ चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची."

ती म्हणाली, "अहो, तुम्हाला झालीय ती साधी गाठ नाही."

"माहीत आहे. कॅन्सर आहे. मोठ्या आतड्याचा, तिसऱ्या टप्प्यातला. आणि आत्ता पांढऱ्या पेशी तळाला असणार, तेव्हा आधी चप्पल घाल."

सिस्टर म्हणाल्या, "मग रडलात का हो काकू?"

"रडते कशाला? असा संताप आला मला. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं? आणि मी मेली तुम्हाला त्या घाणेरड्या चादरींमधून मागच्या दारानं नेत होते. तर म्हणाले, तुला त्यातच समाधान होतं, म्हणून येत होतो."

मेहुणा हातात गोळी घेऊन मधोमध उभा होता. ती कुणाला द्यावी हे न सुचून त्यानं ती स्वतःच्या खिशात टाकली आणि भावोजींना खांद्याचा आधार दिला.

अँब्युलन्सचा चालक मास्तरांचाच विद्यार्थी निघाला. दातांवर दात आपटत असतानाही मास्तर आडवे पडूनच सांगत होते, "गिअर उतरव. इंजिन ओरडतंय, ऐकू येत नाही का?" आणि बायको रस्ताभर त्यांच्याशी भांडत होती. चालकानं खाली उतरल्यावर सिस्टरना सांगितलं, "पेशंट बोलतोय म्हणून मला धीर होता. पण त्या दोघांच्या मध्ये सायरन वाजवायचीही सोय नव्हती."

इथवर हसण्यासारखं होतं. पुढचे दिवस तसे नव्हते. जंतू रक्तात शिरले होते, रक्तदाब उतरला होता. मास्तरांना अतिदक्षता विभागात नेलं. तिथं मला प्रवेश नाही. स्टँडची चाकं त्या दारापर्यंत जातात आणि थांबतात.

बायको माझ्याकडे आली. या वेळी तळहाताचा आडोसा केला नाही. सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "ते वाचतील का?"

मी म्हटलं, "मला ठाऊक नाही. तुम्ही वेळेवर आणलंत, औषध लगेच सुरू झालं, या दोन्ही गोष्टी त्यांच्या बाजूनं आहेत. पुढचं डॉक्टरबाई सांगतील. त्या आत आहेत. बोलावू का?"

"पुस्तकं वाचलीयस ना एवढी?"

"वाचलीत. त्यांत मास्तर नाहीत."

ती स्टँडला धरून उभी राहिली. मी सिस्टरना कळवलं. त्या आल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. ते काम मला येत नाही.

थोड्या वेळानं मेहुणा आला. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून म्हणाला, "ती गोळी देऊन झोपवलं असतं तर?"

खोटं बोलायचं नाही, हे मला शिकवलेलं. पण खरं सांगताना माणसाला उभं राहता येईल एवढी जागा ठेवावी, हेही सिस्टरांचंच. मी म्हटलं, "ताप उतरला असता, म्हणून तुम्हाला बरं वाटलं असतं, आणि उशीर झाला असता. पण तुम्ही दिली नाहीत. तुम्ही त्यांना उचलून गाडीत घातलंत."

 तो म्हणाला, "बरं. आणि काकडी?"

मी म्हटलं, "पेशी वाढल्यावर, डॉक्टरबाई हो म्हणाल्या तर, स्वच्छ धुऊन, साल काढून खुशाल खाऊ देत. जेवणात. गाठीसाठी नव्हे."

माझ्याकडून काकडीला पहिल्यांदाच होकार मिळाला होता. अर्धाच होता, पण तो तेवढाच घेऊन गेला आणि बहिणीला म्हणाला, "ताई, पोपट तसा समजूतदार आहे."

मास्तर वाचले. वजन उतरलं, आवाज बसला, पण चाकाच्या खुर्चीतून पहिल्यांदा बाहेर आले तेव्हा खुर्ची ढकलणाऱ्या वॉर्डबॉयला वळण घ्यायच्या आधी मागे बघायला सांगत होते. त्यावरून सगळ्यांना कळलं की धोका टळला.

त्यानंतर ती दोघं पुढच्या दारानं यायला लागली आणि माझ्यासमोर एकत्र बसायला लागली. माझी पंचाईत झाली. आधी एकेकाला उत्तर देत होतो, आता एकाच प्रश्नाला दोघं भिडायची. मी म्हणायचो, थोडं थोडं, पण दर दोन-तीन तासांनी खा. बायको म्हणायची, "ऐका." मास्तर म्हणायचे, "थोडं थोडं म्हणालाय, ते ऐक." मी म्हणायचो, रोज जरा चाला. मास्तर म्हणायचे, "चालतो की." ती म्हणायची, "स्वयंपाकघरापर्यंत. डबे उघडायला." एकदा तर भांडता भांडता तिनं त्यांच्या टोपीखाली हात घालून गुळगुळीत डोक्यावरून फिरवला, आणि दोघंही मला विसरून गेली. मी आपला 'आणखी काही विचारायचं आहे का?' असं लिहून उभा.

मग हळूहळू त्यांचं विचारणं कमी झालं. दवाखान्यात एक आकडेवाले साहेब आहेत. कोण किती वेळा मला वापरतं हे ते बघतात. काळजीनं म्हणाले, "या फाइलवरचा वापर फार घसरलाय. काही बिघाड आहे का?" सिस्टर म्हणाल्या, "बिघाड होता. दुरुस्त झाला." साहेबांना कळलं नाही. त्यांनी कुणालातरी बोलावून माझी वायर तपासून घेतली.

ऑपरेशनच्या दिवशी बायको पहाटेच येऊन बसली. मास्तर आत जाताना डॉक्टरबाईंना म्हणाले होते, "खांबाकडे बघायचं नाही. जिथं जायचंय तिकडे बघायचं." मास्तरांना आत नेल्यावर ती माझ्याजवळ खुर्ची ओढून बसली. मी विचारलं, "काही विचारायचं आहे का?"

"नाही."

"ऑपरेशनबद्दल सांगू? आधी भूल देतात, मग..."

"नको. गप्प बस. नुसता इथं राहा."

माझ्या जन्मापासून मला असं कुणी सांगितलं नव्हतं. गप्प बसायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलंही नव्हतं. मी पडदा मंद केला आणि राहिलो. ती पर्समधून एकेक वस्तू काढून पुन्हा जागेवर ठेवत होती. मेहुणा चहा घेऊन आला, तिनं घेतला नाही. त्यानंही पुन्हा आग्रह केला नाही. 

दुपार कलल्यावर डॉक्टरबाई बाहेर आल्या. हिरवा पोशाख, कपाळावर घाम. म्हणाल्या, "गाठ पूर्ण निघाली, काकू. कुठं घासली नाही, आपटली नाही." आणि मग ती रडली. डॉक्टरबाईंना धरून, मनसोक्त.

पुढे तपासण्या आहेत, आणखी थोडी औषधं आहेत. कॅन्सरमध्ये 'संपलं' हा शब्द फार जपून वापरतात. मीही वापरत नाही. पण मास्तर हल्ली विद्यार्थ्यांच्या शेजारी पुन्हा बसायला लागलेत, एवढं नक्की कळलंय. इथं तपासणीला येणारा, त्यांच्याकडे गाडी शिकणारा एक मुलगा सांगत होता की त्यांचं ओरडणं तसंच आहे.

माझं म्हणाल तर मी आता जुना झालोय. स्टँडचं एक चाक सिस्टरनी चिकटपट्टी गुंडाळून चालू ठेवलंय. पडद्यावर शेकडो बोटांचे डाग आहेत. लवकरच माझ्याऐवजी नवा येणार आहे, तो हळू बोललेलंही बरोबर ऐकतो म्हणे. येऊ दे. त्याला गाठ आणि पाठ यांतला फरक कळेल, बरंच झालं.

जाण्याआधी एकच सांगणं आहे. मला काहीही विचारा. लाजू नका, मला हसू येत नाही आणि कंटाळाही येत नाही. पण मला विचारून झालं की तिथंच थांबू नका. डॉक्टरांना विचारा, सिस्टरना विचारा, आणि ज्याला झेपणार नाही असं वाटतं त्याच्या शेजारी जाऊन बसा. बहुतेक वेळा तोही तुमच्याबद्दल तेच म्हणत असतो. हे मी सांगू शकत नाही, नियम आहे. पण माझ्याइतकं हे कुणालाच ठाऊक नाही.

बरं, तुमच्यामागे एक काका केव्हाचे उभे आहेत. हातात रिपोर्ट उलटा धरलाय, आणि त्यांची मुलगी खाली औषधं आणायला गेली आहे. ती परत यायच्या आत त्यांना काहीतरी विचारायचं असणार. जरा सरकता का?